खोकला नसलेलं गाव

समाजशास्त्रात एम.ए. झालेल्या मुलीने पुढे काय करायचं असतं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. परभणीच्या आमच्या सरांनी ते ठरवून टाकलं. म्हणाले, एम.फिल. कर. मी विचारलं, कशावर? तर म्हणाले, "क्षयरोगावर."

मला वाटलं, सरांचं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर, मी डॉक्टर नाही."

"म्हणूनच तर," सर म्हणाले. "औषध काय द्यायचं ते डॉक्टर सांगतात. लोक ते मध्येच का सोडतात, हे त्यांना कळत नाही. ते तू शोधून काढ."

टीबीचं औषध तेव्हा वर्ष-दीड वर्ष खावं लागायचं. चार-सहा महिन्यांत माणसाला बरं वाटू लागायचं आणि तिथेच तो औषध सोडायचा. मग आजार पुन्हा उलटायचा तो दुप्पट जोराने. एवढं ऐकलं आणि मी हो म्हटलं.

माझे वडील पूर्णेच्या रेल्वे स्टेशनात कारकून होते. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा ऐन भरात होता, आणि माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं कोणतं नाव छापलं जाणार याची त्यांना माझ्या पदवीपेक्षा जास्त काळजी होती. त्यांनी परवानगी दिली, पण अट घातली. "खेड्यापाड्यात एकटी फिरायची नाही. आई संगं यील."

आई संगं यील! मी आदळआपट केली. विद्यापीठातली संशोधक मुलगी आणि तिच्यामागे नऊवारी नेसलेली तिची आई, असं दृश्य जगात कुठे असेल? पण वडिलांपुढे माझं काही चाललं नाही. आई मात्र आनंदात होती. तिला घराबाहेर पडायला कारण हवंच असायचं, आणि इथे तर आयतं मिळालं होतं.

गाव मी चुडाव्याच्या जवळचं निवडलं. रस्ता रोको झाला की एसटी बंद पडायची. रेल्वे आपली घरचीच होती. गावातसुद्धा फक्त बौद्धवाडाच घ्यायचा असं ठरवलं, कारण मी वरच्या आळीत जाऊन कुणाच्या घरातली आजारपणं विचारावीत इतकी काही त्या वर्षांत हवा निवळलेली नव्हती. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि आम्ही मायलेकी चुडावा स्टेशनात उतरून कापसाच्या रानातून चालू लागलो. माझ्या खांद्यावर झोळी आणि तिच्यात छापील प्रश्न. आईच्या हातात कापडी पिशवी आणि तिच्यात भाकरी.

पहिल्याच घरात आमचं असं स्वागत झालं की मी भारावून गेले. बाज टाकली, तिच्यावर धुतलेली वाकळ अंथरली, चहा आला, चहाच्या आधी मुरमुऱ्यांचा सुशीला आला. टीबी बरा होतो, त्यात शरम कसली, असं सांगून मी प्रश्न काढले. घरात माणसं किती? झोपायच्या खोलीला खिडकी आहे का? पाणी कुठून आणता? रान किती? शिकलेलं कोण? घरात कुणाला जुना खोकला, ताप, बारीक होत चाललेलं कुणी?

"न्हाई बाई," घरधनी म्हणाला. "आमच्यात कुणाला सर्दीसुद्दा न्हाई. तालमीतली माणसं हायेत सगळी."

दुसऱ्या घरी पुन्हा सुशीला, पुन्हा चहा, पुन्हा तालमीतली माणसं. तिसऱ्या घरी चहा घेऊन आली ती त्या घरची मुलगी, नव्या कोऱ्या पातळात, डोक्यावरून पदर घेऊन, खाली बघत. मला वाटलं, काय मर्यादा पाळतात हे लोक! मी तसं झोळीतल्या कागदावर लिहूनही ठेवलं. आईने त्या मुलीला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "कितवीपर्यंत शिकलीस? भाकरी येती का?" मला तिचा राग आला. मी कुजबुजले, "आई, हे प्रश्न आपल्यात नाहीत." ती म्हणाली, "असूं दे की. तुजे तू इचार, माजे मी इचारते."

असं महिनाभर चाललं. आठवड्यातून दोनदा आम्ही जायचो आणि पोटाला तडस लागेपर्यंत सुशीला खाऊन परत यायचो. घरोघरी पोरी नव्या पातळात, घरोघरी खिडकी आहे, पाणी स्वच्छ आहे आणि कुणीही खोकत नाही. एका आजोबांना तर माझ्यासमोर ठसका लागला. त्यांच्या सुनेने त्यांना बखोटीला धरून मागच्या दारी नेलं आणि परत येऊन सांगितलं की त्यांच्या घशात मुरमुरा अडकला. त्यांनी मुरमुरे खाल्ले नव्हते. खाल्ले होते ते मी.

हे सगळं मी सरांपुढे ठेवलं. सरांनी पानं चाळली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे गाव खरंच आहे ना?" त्यांनी विचारलं. "असेल तर सरकारला कळवू या. जिल्ह्यातले सगळे रोगी तिथे हवापालटाला पाठवता येतील." मी रडायच्या बेतात होते. सर म्हणाले, "लोक खोटं बोलतायत असं नाही. तू कोण आहेस असं समजून ते बोलतायत, ते शोध."

ते मला एका मुलीने सांगितलं.

ती वाड्याच्या टोकाच्या घरातली. दहावीपर्यंत शिकलेली, उंच, सावळी, आणि खळखळून हसणारी. पहिल्या भेटीत आईने तिला तो भाकरीचा प्रश्न विचारला, तेव्हा ती म्हणाली होती, "येती की. पन करपली तर करपली म्हनायचं, नावं ठिवायची न्हाईत." आई एवढी हसली होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. येताना गाडीत दोनदा म्हणाली, "पोरगी झ्याक हाय."

तिने मला ते सांगितलं त्या दिवशी आईचे गुडघे धरले होते. वडील ड्यूटीवर गेल्याचं बघून मी एकटीच निघाले. ती मुलगी वाटेतच एका रानात रोजाने कापूस वेचत होती. बाकीच्या बाया पुढच्या ओळींत होत्या. मीही ओटीत कापूस गोळा करत तिच्याबरोबर चालू लागले आणि बोटं ओरबाडून घेतली. मध्येच तिला खोकला आला. साधा नाही. ती खाली बसली, पदर तोंडावर दाबला, आणि खोकला थांबला तरी तिने पदर काढला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने आधी माझ्या मागे बघितलं. "आज माय न्हाई आली तुमची?"

"नाही."

"मग सांगते. गेल्या वरसापास्नं. पूर्णेच्या दवाखान्यात टीबी निघाला. गोळ्या, सुया, समदं झालं. लय बरी झालते. डॉक्टर म्हनले, आता उनाळ्यापर्यंत गोळ्या खायच्या, मग सुटलीस. आन् तुमी आलाव."

"आम्ही आलो म्हणजे?"

"तुमी आलाव म्हनून बंद केल्या की. माय म्हनली, पाव्हने हितंच फिरायलेत, पूर्णेचेच हायेत, तू दवाखान्याच्या रांगेत दिसलीस तर स्थळ गेलं. त्यांचं व्हय-न्हाई कळूं दे, मग खा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी म्हटलं, "कसले पाहुणे? कसलं स्थळ?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला एकदम सगळं दिसलं. माणसं किती, खिडकी, पाणी, रान किती, शिक्षण, आणि शेवटी घरात काही आजार? सोयरीक जुळवायला येणारे लोक हेच विचारतात, याच क्रमाने विचारतात. बरोबर एक वयस्क बाई, ती पोरींना भाकरी येते का विचारते. आणि रेल्वेत लागलेला, बिनलग्नाचा माझा थोरला भाऊ तर आईच्या गप्पांतून साऱ्या वाड्याला माहीत झाला होता. महिनाभर मी विद्यापीठाचं संशोधन करत होते आणि अख्खा वाडा आपापली पोरगी दाखवत होता! लोक औषध मध्येच का सोडतात, हे शोधायला मी आले होते. आता माझ्यासमोर एका पोरीने ते सोडलं होतं, आणि सोडण्याचं कारण मी होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मी तिला म्हटलं, "आजच गोळ्या सुरू कर. स्थळ गेलं खड्ड्यात."

"तुमचं काय जातंय म्हनायला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण थट्टाही नव्हती. "तुमी शिकलेल्या हाव. टीबी बरा हुतो, शरम धरू नगा, असं तुमीच सांगत फिरताव ना? मग तुमच्या भावाला चालंल का मी? घरी इचारा आन् बाजाराच्या दिवशी मला सांगा. व्हय म्हनले तर उजळ माथ्यानं खाते गोळ्या. न्हाई म्हनले तर पुढचं स्थळ येईस्तंवर माय काय मला दवाखान्याकडं फिरकू द्यायची न्हाई."

मी परत निघाले ती आईवर दात खात. घरात पाऊल टाकल्याटाकल्या म्हटलं, "तुला माहीत होतं!"

"काय?"

"लोक आपल्याला सोयरीक करणारे समजतात ते!"

"पैल्याच दिशी कळलं मला," आई शांतपणे गुडघ्याला तेल चोळत म्हणाली. "धुतलेली वाकळ काय टीबीचं इचारनाऱ्याला हातरतेत व्हय? पन मी कशाला सांगूं? मला सून बगायचीच हुती. तुजंबी काम व्हायलंय, माजंबी व्हायलंय."

मग मी तिला त्या मुलीच्या टीबीचं आणि तिने विचारलेलं सांगितलं. आईचा हात गुडघ्यावरच थांबला. कोणत्या पोरीला, हे तिने दोनदा विचारलं. मी औषधाचं सांगितलं, बरं होण्याचं सांगितलं, सरांनी वाचायला दिलेलं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं हुतं तर लोकांच्या पोरांला करूं दे. आपल्याच घरात का?"

मी ओरडले, ती ओरडली, वडील ड्यूटीवरून आले आणि दोघींवर ओरडले. भाऊ जेवायचा थांबून सगळं ऐकत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. रात्री मला झोप लागली नाही, कारण माझा आईवर फार जीव आहे आणि त्या दिवशी मला ती मुळीच आवडली नव्हती.

सकाळी आई चांगलं लुगडं नेसून तयार. "चल," म्हणाली. "दवाखान्यात."

डॉक्टर तरुण होते. आई त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसली आणि तिने मुलीच्या बापाची घ्यावी तशी त्यांची उलटतपासणी सुरू केली. दवा पुरी केली तर परत उलटंल का? घरात बाकीच्यांला लागंल का? लेकरं हुतील का? बाळाला दूध पाजता यील का? रानात काम हुईल का? डॉक्टर बिचारे एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते. औषध पुरं केलं तर काही भीती नाही, असं त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं. शेवटी घाम पुसत त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही पेशंटच्या कोण?"

"सासू," आई म्हणाली. "आजून झाले न्हाई."

मी तिच्याकडे बघतच राहिले. बाहेर आल्यावर तिने आधी मलाच दटावलं, "दात काढू नगस." मग थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "मला ती पोरगी आवडलीय. दुसरी कुनी तिच्यावानी हसत न्हाई."

बाजाराच्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. आईने मुलीला आणि तिच्या मायला चुलीजवळ बसवलं आणि हुकूम सोडला. आजपासून गोळ्या. गोळ्या आणायला दवाखान्यात ती स्वतः पोरीबरोबर जाईल, कुणी विचारलं तर आपल्या गुडघ्याचं सांगेल. डॉक्टर सुटली म्हणाले की वैशाखात रीतसर पाहायला येऊ. "पन हे ह्या चुलीपाशीच ऱ्हाऊं द्या," ती म्हणाली. "माज्या भावाला कळलं तर तो मोडून टाकील." तो भाऊ म्हणजे आमचे मामा. ते शाळामास्तर होते, आणि आमच्या कुळातल्या कुठल्याही सोयरिकीत शेवटचा शब्द त्यांचा असायचा.

मुलीची माय आईच्या पाया पडायला वाकली. मुलगी मात्र गप्प होती. मला वाटलं, आनंदाने गप्प आहे.

हिवाळा संपला, उन्हाळा लागला. आई दर महिन्याला गुडघ्याच्या नावाखाली दवाखान्यात जाऊन बसायची आणि येताना त्या मुलीचं वजन किती वाढलं ते मला अशा अभिमानाने सांगायची, जसं काही ते तिनेच वाढवलं होतं. बंद झालेल्या दिवसांपायी डॉक्टरांनी थोडं औषध जास्त घ्यायला लावलं, तेवढंच. वैशाखात ते म्हणाले, सुटलीस. माझ्या एम.फिल.ची पानं मात्र कोरीच होती. सर आता माझ्याशी फार मायेने बोलू लागले होते, आणि ते लक्षण चांगलं नव्हतं.

पाहण्याच्या दिवशी आम्ही मामांना पुढे घालून गेलो. ते ओटा असलेलं मोठं घर नव्हतं, म्हणून अंगणातच मांडव घातला होता. वाड्यातली झाडून सारी माणसं जमली होती, कारण महिनोन्‌महिने सुशीला खाऊन शेवटी आम्ही कुणाची पोरगी पसंत केली हे सगळ्यांना बघायचं होतं. मी नवऱ्या मुलाची बहीण म्हणून रेशमी साडी नेसून, नथ घालून बसले होते. भाऊ सतरंजीची वीण मोजत होता.

मुलगी आली, बसली. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, तिने सांगितलं. मग मामांनी तो नेहमीचा प्रश्न विचारला, जो प्रत्येक पाहण्यात विचारतात आणि ज्याचं उत्तर मुलीचा बापच देतो. "तब्येतीची काही तक्रार? मागं काही बिमारी?"

"काही न्हाई गुर्जी, तालमीतल्या मानसावानी..." बापाने सुरुवात केली.

"झालती," मुलगी म्हणाली.

बाप थांबला. तिने मान वर केली होती. "टीबी झालता. दवा पुरी केली. आता न्हाई. पूर्णेच्या डॉक्टराला इचारा."

तिच्या मायने तोंडावर हात घेतला. आईकडे बघायचं मला धाडस होईना. ती मुलगी त्या दिवशी चुलीजवळ गप्प का बसली होती ते मला आत्ता कळलं. झाकली मूठ तिला नकोच होती. तिला घरात यायचं होतं ते सगळ्यांच्या देखत.

मामा सावकाश आईकडे वळले. "अगं, हे तुला ठाऊक हाय?"

मी देवाधर्मातली नव्हे, पण त्या क्षणी कुणाची तरी प्रार्थना केली असणार. आईने पदर सारखा केला. तिला खोटं बोलायला वाव होता. नाही म्हणून मान हलवली असती तर सगळं पोरीवर गेलं असतं आणि आमची लाज राहिली असती.

"ठाऊक हाय," आई म्हणाली. आवाज चढवूनच म्हणाली, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावं. "दर म्हैन्याला मीच संगं गेलते. माजा गुडगा बरा हाय, दादा. हिच्या गोळ्यांसाठी जात हुते मी. आन् जी पोरगी इतक्या मानसांत खरं बोलती, ती माज्या घरात लबाडी करायची न्हाई. मला हीच पायजे."

मामांनी आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेलं. त्यांना आता उलटं बोलता येईना. खाकरून त्यांनी भावाकडे बघितलं. "तुजं काय म्हननं?"

"व्हय," भाऊ इतक्या मोठ्याने म्हणाला की बाया पदरात हसायला लागल्या.

त्या हशातच मागून एक म्हातारी उठली. आजोबांना मुरमुरा अडकला होता त्या घरातली. माणसांतून वाट काढत ती थेट माझ्यापुढे येऊन बसली. "बाई," ती म्हणाली, "मग आमचंबी लिहून घे. मालकाचा मुरमुरा न्हवता तो. आन् सून बी सहा म्हैने झाले खोकायलीय. रातच्याला घाम येतोय तिला." तिच्या मागोमाग आणखी एक जण सरकला, त्याच्या मागोमाग आणखी कोणी. माझ्याजवळ कागद नव्हता, पेन नव्हतं, नथ होती. मी नथ काढून मुठीत धरली आणि नुसती ऐकत राहिले.

ती सून अंगणाच्या दाराशी उभी होती. लहानखुरी, डोळे खोल गेलेले, येऊ की नको अशा बेताने. पाहायची मुलगी पाटावरून उठली. मामांचे अजून दोन-तीन प्रश्न शिल्लक होते, तरी उठली. दाराशी जाऊन तिने त्या बाईचा हात धरला. "उपाशीपोटी गोळी खाऊ नगस, मळमळतंय," ती सांगत होती. "सुई पैले दोन दिस दुखती, मग न्हाई. रांगेची लाज वाटली तर मी उभी ऱ्हाते तुज्या फुडं. सोमवारी येते मी संगं." बोलत बोलत दोघी त्या बाईच्या घराकडे निघूनही गेल्या.

मामांनी साखरेचा पुडा फोडला, तेव्हा नवरी मुलगी जागेवर नव्हती. कुणी तिला हाक मारली नाही. आईने तिच्या वाटणीची साखर पदराच्या गाठीत बांधून ठेवली.